बास्केटबॉल पंचाची घडण : शिट्टीपासून स्वाक्षरीपर्यंत

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या मैदानावर बास्केटबॉलचा आंतरमहाविद्यालयीन सामना सुरू असतो, तेव्हा खेळाडू, मार्गदर्शक, संघव्यवस्थापक आणि प्रेक्षक या सर्वांची नजर चेंडूवर खिळलेली असते. त्याच मैदानावर दोन व्यक्ती अशा असतात की, ज्यांना सामन्याचा बराचसा काळ चेंडूकडे न पाहता इतरत्र पाहावे लागते आणि तसे पाहणे हेच त्यांचे कर्तव्य असते. या व्यक्ती म्हणजे पंच होत. निर्णय आपल्या संघाच्या विरोधात गेला की त्यांची आठवण होते. एरवी त्यांच्या कार्याकडे फारसे लक्ष जात नाही. पंच कसा घडतो, कोणत्या पायऱ्या चढून तो वरच्या श्रेणीत जातो आणि प्रत्येक पायरीवर त्याची नेमकी कोणती कसोटी लागते, याचा विचार शारीरिक शिक्षण विभागाबाहेर क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात या प्रवासाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. नियम पाठ असणे ही पंचपदाच्या प्रवेशाची अट आहे. मात्र श्रेणी वाढते ती पाहण्याची शिस्त, निर्णयातील सुसंगती आणि निर्णयाचे उत्तरदायित्व स्वीकारण्याची तयारी या तीन गुणांमुळे. या तिन्ही गुणांची पहिली शाळा बहुधा शाळा-महाविद्यालयाचे मैदानच असते. म्हणून हा विषय केवळ क्रीडा विभागाचा न राहता सर्वच प्राध्यापकवर्गाचा ठरतो.

पंचपदाचा उगम

बास्केटबॉल या खेळाचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. तेथील वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण विद्यालयातील शिक्षक डॉ. जेम्स नायस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ तयार केला व त्यासाठी १३ नियम लिहिले. हे नियम जानेवारी १८९२ मध्ये विद्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतच दोन अधिकाऱ्यांची तरतूद होती. एकाने माणसांकडे पाहावे, म्हणजे खेळाडूंच्या वर्तनावर लक्ष ठेवून फाऊल नोंदवावेत. दुसऱ्याने चेंडूकडे पाहावे, म्हणजे चेंडू कोणाचा, तो मैदानात आहे की बाहेर, हे ठरवावे व वेळही राखावी. खेळ निर्माण होतानाच न्यायदानाची अशी विभागणी झाली, ही बाब लक्षणीय आहे. एकाच व्यक्तीला सर्व काही दिसू शकत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. पुढे पंचांची कामे बदलली, संख्या वाढली. परंतु हे तत्त्व आजही कायम आहे.

१९३२ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, अर्थात फिबा, स्थापन झाला आणि नियमांना जागतिक एकरूपता येऊ लागली. भारतात हा खेळ रुजविण्यात वाय.एम.सी.ए.चा वाटा मोठा आहे. एच. सी. बक यांनी १९२० साली मद्रास येथे सुरू केलेल्या वाय.एम.सी.ए. शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी अनेक आधुनिक खेळ शाळा-महाविद्यालयांपर्यंत नेले. १९३४ मध्ये दिल्ली येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, तर १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना झाली. म्हणजेच आपल्याकडे या खेळाची वाट आरंभापासून शिक्षणसंस्थांमधून गेली आहे.

पंचमंडळाची रचना

सध्याच्या नियमांनुसार मैदानावर एक मुख्य पंच आणि एक किंवा दोन सहपंच असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तीन पंचांची पद्धती वापरली जाते. शालेय व महाविद्यालयीन सामने बहुधा दोन पंचांवर भागविले जातात. त्यांच्या साहाय्याला मैदानालगतच्या टेबलावर गुणलेखक, साहाय्यक गुणलेखक, वेळाधिकारी आणि २४ सेकंदांचे घड्याळ चालविणारा अधिकारी असे चौघे असतात.

या टेबलाचे महत्त्व बाहेरून पाहणाऱ्यास सहसा जाणवत नाही. खेळाडूचे ५ फाऊल झाले की त्याला सामना सोडावा लागतो. संघाचे एका सत्रात ४ फाऊल झाल्यानंतर बचाव करताना पुढचा प्रत्येक वैयक्तिक फाऊल प्रतिस्पर्ध्याला २ फ्री थ्रो मिळवून देतो. गुणलेखकाने एक फाऊल चुकीच्या क्रमांकावर नोंदविला, तर सामन्याचा निकाल बदलू शकतो. त्यामुळे पंच होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम टेबलावर बसून गुणपत्रक लिहावयास शिकावे, हा मैदानावरील जुना व उपयुक्त संकेत आहे. तेथे बसलेल्याला पंचांचे संकेत समोरून दिसतात आणि एखाद्या पंचाने घाईने किंवा अस्पष्टपणे दिलेला निर्णय नोंदविणाऱ्यास किती गोंधळात टाकतो, हेही अनुभवास येते.

पहिली पायरी : नियम, संकेत आणि शिट्टी

नवोदित पंचाची तयारी नियमपुस्तकापासून सुरू होते. येथे एक अडचण संभवते. पूर्वी खेळलेल्या व्यक्तीस आपल्या काळातील नियमच पक्के ठाऊक असतात. २००० साली २० मिनिटांच्या दोन डावांऐवजी १० मिनिटांची चार सत्रे आली. चढाईची मुदत ३० वरून २४ सेकंदांवर आणि चेंडू पुढच्या अर्ध्या मैदानात नेण्याची मुदत १० वरून ८ सेकंदांवर आली. २०१० साली तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली आणि विशिष्ट प्रसंगी घड्याळ १४ सेकंदांवर आणण्याची तरतूद झाली. त्यानंतरही दुरुस्त्या होत राहिल्या आहेत. उत्तम खेळाडू हा आपोआप उत्तम पंच होत नाही, याचे एक कारण हेच आहे. पंचाला आपले ज्ञान वारंवार नव्याने तपासून घ्यावे लागते.

नियमांनंतर येतात संकेत. शिट्टी वाजताच पंचाचा हात वर जातो. मूठ बंद असल्यास फाऊल, पंजा उघडा असल्यास चालणे, दुहेरी ड्रिबल यांसारखा नियमभंग अथवा खेळ थांबण्याचे अन्य कारण, असा त्याचा अर्थ होतो. त्यानंतर टेबलाला स्पष्ट दिसेल अशा जागी येऊन पंच प्रथम खेळाडूचा क्रमांक, मग फाऊलचा प्रकार आणि शेवटी त्याचा परिणाम, म्हणजे फ्री थ्रो किंवा चेंडूचा ताबा, या क्रमाने संकेत देतो. हा क्रम ठरलेला असल्यामुळे भाषा न जाणणाऱ्या दोन देशांतील संघांनाही निर्णय समजतो. नवोदित पंचाची चूक बहुधा निर्णयात कमी आणि सांगण्यात अधिक असते. योग्य निर्णयही दबक्या शिट्टीने व अर्धवट संकेताने दिला, तर तो संशयास्पद वाटतो.

पाहण्याची शिस्त

दुसरी कसोटी उभे राहण्याच्या जागेची असते. दोन पंचांच्या पद्धतीत एक पंच चढाईच्या पुढे धावत अंतिम रेषेजवळ जातो, त्यास ‘लीड’ म्हणतात. दुसरा चेंडूच्या किंचित मागे राहतो, तो ‘ट्रेल’ होय. दहाही खेळाडू या दोघांच्या नजरेच्या कक्षेत राहावेत अशी रचना असते. २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद मैदानाचे भाग पाडून प्रत्येक भागाची प्रमुख जबाबदारी एकेका पंचाकडे दिलेली असते. चेंडू सहकाऱ्याच्या भागात असेल, तर दुसऱ्याने चेंडूविना असलेल्या खेळाडूंवर लक्ष ठेवावयाचे असते. ढकलणे, पकडणे, वाट अडविणे असे प्रकार बऱ्याचदा तेथेच घडतात. प्रस्तावनेत उल्लेखिलेली चेंडूकडे न पाहण्याची शिस्त ती हीच. ती अंगी बाणविणे कठीण असते. कारण पंचही मूळचा खेळाडू किंवा प्रेक्षकच असतो आणि त्याची नजर स्वभावतः चेंडूकडे धाव घेते.

पाहण्याचे आणखी काही संकेत प्रशिक्षणात शिकविले जातात. दोन खेळाडूंच्या मधली जागा दिसेल अशा कोनात उभे राहावे. शक्यतो धावत असताना निर्णय न देता क्षणभर स्थिरावून पाहावे. घटनेच्या फार जवळ जाऊ नये. आणि चढाई करणाऱ्यापेक्षा बचावपटूकडे अधिक लक्ष द्यावे. शेवटच्या संकेताचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावणारा खेळाडू समोरच्या बचावपटूवर आदळतो. बचावपटूने खेळाडू हवेत उडण्यापूर्वीच दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, त्याच्याकडे तोंड करून जागा घेतली असेल आणि धक्का त्याच्या छातीवर बसला असेल, तर फाऊल चढाई करणाऱ्याचा ठरतो. तो उशिरा आडवा आला असेल, तर फाऊल बचावपटूचा. जो पंच केवळ चेंडू पाहत होता, त्याला आदळणे दिसते. पण बचावपटू केव्हा आला, हे दिसलेले नसते. मग तो अंदाजाने निर्णय देतो. पाहिले नसेल ते सांगू नये, हा न्यायदानाचा साधा दंडक येथेही लागू पडतो.

निर्णयातील सुसंगती

बास्केटबॉल हा स्पर्श टाळण्याचा खेळ मानला जात असला, तरी मर्यादित जागेत वेगाने फिरणाऱ्या दहा खेळाडूंमध्ये स्पर्श अटळ असतो. प्रत्येक स्पर्शास शिट्टी वाजविली तर खेळ उरणार नाही. एकाही स्पर्शास वाजविली नाही तर मारामारी उरेल. या दोन टोकांमधील वाट नियमांनीच दाखविली आहे. स्पर्शाचा निर्णय करताना पंचाने नियमांचा हेतू, स्पर्शामुळे कोणास अनुचित लाभ किंवा तोटा झाला काय, खेळाडूंची कुवत व वर्तन, तसेच सामन्यावरील नियंत्रण आणि खेळाचा ओघ यांतील समतोल यांचा विचार करावा, असे नियमपुस्तकात सांगितले आहे.

उदाहरणार्थ, ड्रिबल करीत पुढे जाणाऱ्या खेळाडूच्या हाताला बचावपटूचा ओझरता स्पर्श झाला, पण तो त्याला मागे टाकून मोकळा पुढे गेला, तर शिट्टी वाजविल्याने त्याचाच लाभ हिरावला जाईल. तेवढ्याच स्पर्शाने त्याचा तोल जाऊन चेंडू निसटला, तर तो फाऊल ठरतो. म्हणून चढाईचा आरंभ, विकास आणि शेवट पाहून मग शिट्टी वाजवावी, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात. अर्थात ही मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. पहिल्या मिनिटाला जो स्पर्श सोडला, तो शेवटच्या मिनिटाला फाऊल ठरता कामा नये. यजमान संघाला जे माप, तेच पाहुण्या संघाला असावे. पंचाच्या मूल्यमापनात एखाद्या चुकलेल्या निर्णयापेक्षा विसंगतीकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाते ते यामुळेच.

श्रेणीक्रम

भारतात पंचांचा प्रवास सर्वसाधारणपणे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशा चार टप्प्यांतून होतो. जिल्हा संघटनेच्या स्पर्धा आणि क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या शालेय स्पर्धा हे पहिले कार्यक्षेत्र होय. या स्तरावर मोठ्या संख्येने सामने मिळतात आणि चुकांतून शिकता येते. राज्य संघटनेच्या परीक्षेनंतर राज्य स्पर्धांत नेमणूक होऊ लागते. त्यापुढे भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या परीक्षेतून राष्ट्रीय स्तर गाठता येतो. परीक्षांचा तपशील वेळोवेळी बदलत असला, तरी लेखी परीक्षा, प्रत्यक्ष सामन्यातील कामगिरीचे निरीक्षण आणि शारीरिक क्षमता हे तिचे मुख्य आधार असतात.

आंतरराष्ट्रीय परवाना फिबा देते. परंतु त्यासाठी उमेदवाराचे नाव राष्ट्रीय महासंघानेच सुचवावे लागते. परवाना एकदा मिळाला की आयुष्यभर टिकतो असेही नाही; त्याची मुदत संपते आणि पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. फिबाने दीर्घकाळ वापरलेल्या शारीरिक क्षमता चाचणीत २० मीटर अंतर ध्वनिसंकेताच्या वाढत्या गतीने ये-जा करीत धावायचे असते. पुरुषांसाठी ८६ आणि महिलांसाठी ६६ फेऱ्या असा तिचा निकष होता. या स्तरावरील पंचाला इंग्रजीतून संवाद साधता येणे आवश्यक असते. ध्वनिचित्रफितींच्या आधारे स्वतःच्या निर्णयांची चिकित्साही करावी लागते. तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलचा टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, समावेश झाल्यापासून त्या प्रकारातील पंचकार्याचेही महत्त्व वाढले आहे.

या वाटेवर महिलांचा प्रवेश उशिरा झाला. अमेरिकेतील एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेत व्हायोलेट पामर आणि डी कँटनर या पहिल्या महिला पंच १९९७ मध्ये आल्या. भारतातील पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय पंच म्हणून पुण्याच्या स्नेहल बेंडके यांचे नाव घेतले जाते. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या दृष्टीने हे उदाहरण दूरचे नाही. मैदानातून निवृत्त झाल्यावरही प्रवास थांबत नाही. निरीक्षक, प्रशिक्षक आणि तांत्रिक अधिकारी म्हणून अनुभवी पंचाची आवश्यकता असतेच.

स्वाक्षरीचे उत्तरदायित्व

सामना शेवटच्या शिट्टीने संपतो, असा सर्वसाधारण समज आहे. नियमांनुसार मात्र मुख्य पंचाने गुणपत्रकावर स्वाक्षरी केल्यानंतरच पंचांचा सामन्याशी असलेला संबंध संपतो. गुण, फाऊल व वेळ यांच्या नोंदीतील चूक त्या स्वाक्षरीपूर्वी दुरुस्त करता येते. पंचांचा अधिकारही सामन्याच्या नियोजित वेळेपूर्वी २० मिनिटे ते मैदानावर येतात तेव्हापासून सुरू होतो. एका पंचाला दुसऱ्या पंचाचा निर्णय रद्द करता येत नाही. मात्र नियमांत न सांगितलेल्या प्रसंगी निर्णय घेण्याचा अधिकार मुख्य पंचास असतो.

या स्वाक्षरीचे मोल १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील अंतिम सामन्याने जगापुढे आणले. सामना संपावयास ३ सेकंद असताना अमेरिकेने दोन फ्री थ्रोंच्या बळावर सोव्हिएत संघावर ५०-४९ अशी आघाडी घेतली. त्यानंतरच्या गोंधळात फिबाचे महासचिव विल्यम जोन्स यांनी स्वतः हस्तक्षेप करून घड्याळ पुन्हा ३ सेकंदांवर आणावयास लावले. चालू सामन्यात असा आदेश देण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. अखेरच्या प्रयत्नात अलेक्सांद्र बेलोव्ह यांनी गुण केले व सोव्हिएत संघ ५१-५० असा विजयी ठरला. मुख्य पंच, ब्राझीलचे रेनातो रिघेत्तो, यांनी गुणपत्रकावर स्वाक्षरी करण्यास नकार दिला. अमेरिकेचे अपील पाच सदस्यांच्या समितीने ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळले आणि अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. रिघेत्तो यांच्या नकाराने निकाल बदलला नाही. तथापि जे आपल्या अधिकारात व नियमांनुसार घडले नाही, त्याखाली आपले नाव लिहावयाचे नाही, ही भूमिका नोंदली गेली.

याच्या नेमके उलट उदाहरण २००७ मधील आहे. एन.बी.ए.चे पंच टिम डोनाघी हे सामन्यांवरील जुगाराच्या प्रकरणात गुंतल्याचे उघड झाले. त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला व २००८ मध्ये त्यांना १५ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. नियमांच्या ज्ञानात किंवा अनुभवात ते कमी नव्हते. ते अनेक हंगाम सर्वोच्च स्तरावर काम करीत होते. श्रेणी ही कौशल्याचे प्रमाण देते, सचोटीची हमी देत नाही, हा या प्रकरणाचा बोध होय.

महाविद्यालयाची भूमिका

उपरोक्त विवेचनाचा महाविद्यालयाशी थेट संबंध आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षानंतर बहुसंख्य खेळाडूंचा स्पर्धात्मक खेळ थांबतो. त्यांच्यापैकी काहींना पंचकार्याकडे वळविणे सहज शक्य असते. मात्र या शिडीची सर्वांत कमकुवत पायरी पहिलीच आहे. वीस वर्षांचा नवोदित पंच आपल्याच वयाच्या खेळाडूंपुढे उभा राहतो. त्याच्या अंगावर ओरडणारा मार्गदर्शक वयाने व मानाने मोठा असतो. कित्येकदा तो त्याचा शिक्षकही असतो. सामना संपल्यावर तांत्रिक चुका समजावून सांगणारे कोणी नसते, अपशब्द वापरणारे मात्र असतात. असा एखादा अनुभव त्याला कायमचा दूर लोटण्यास पुरेसा ठरू शकतो. पंच चांगले मिळत नाहीत अशी तक्रार करताना, चांगला होऊ शकणारा पंच पहिल्याच वर्षी आपण गमावला काय, हेही तपासले पाहिजे.

यासाठी काही उपाय योजता येतील. पहिला, संघव्यवस्थापक म्हणून जाणाऱ्या प्राध्यापकांना हरकतीचा नियम माहीत असावा. पंचाने अमुक स्पर्श फाऊल धरला किंवा धरला नाही, हा हरकतीचा विषय होत नाही. गुण वा वेळ यांच्या नोंदीतील न सुधारलेली चूक, सामना रद्द करणे किंवा पुढे न खेळविणे असे निर्णय, अथवा खेळाडूची पात्रता, अशा मर्यादित कारणांसाठीच हरकत घेता येते आणि त्यासाठी कर्णधाराने सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत गुणपत्रकावर ठरलेल्या जागी स्वाक्षरी करावयाची असते. एवढी माहिती असली तरी मैदानावरील बरेच वाद टळतील. दुसरा, वर्गवार सामन्यांत विद्यार्थ्यांना टेबलावरील कामे व पंचकार्य पाळीपाळीने द्यावे आणि प्रत्येक नवोदितासोबत एक अनुभवी पंच ठेवावा. तिसरा, यजमान महाविद्यालयाने आपल्याच संघाच्या सामन्यात आपलाच शिक्षक वा विद्यार्थी पंच म्हणून देऊ नये. त्याची सचोटी कितीही निःसंशय असली, तरी त्या स्थितीत त्याला ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे असते. चौथा, खेळाडूंप्रमाणेच राज्य परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थी-पंचाचाही वार्षिक समारंभात गौरव व्हावा.

समारोप

पंचाची वाटचाल नियमपुस्तकाच्या पाठांतरापासून सुरू होते आणि स्वतःच्या नावाखाली निर्णयाची जबाबदारी घेण्यापर्यंत पोहोचते. मधल्या काळात तो इतर सर्व जण जेथे पाहत आहेत तेथून नजर काढून घ्यावयास, दोन्ही बाजूंना एकच माप लावावयास आणि रोष सहन करूनही शांतपणे संकेत द्यावयास शिकतो. परीक्षक, प्राश्निक किंवा चौकशी समितीचा सदस्य म्हणून काम करणाऱ्या प्राध्यापकाला हे गुण अपरिचित नाहीत. त्यामुळे मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभ्या असलेल्या विद्यार्थ्याकडे प्राध्यापकांनी सहकाऱ्याच्या दृष्टीने पाहावे. आंतरराष्ट्रीय परवान्यापर्यंत फार थोडे पोहोचतील; परंतु पहिल्या वर्षी टिकून राहिलेला प्रत्येक जण पुढच्या पिढीच्या खेळाडूंना निष्पक्ष सामना मिळण्याची शक्यता वाढवीत असतो.